सगुणाची हजेरी

“...पण बाई, आणखी किती थांबायचं? अडीच वर्षं थांबलोच की!”

ढवळे सर शाळेच्या ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. मुल्लाबाई पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या.

बाईंनी तीस वर्षं तालुक्याला विशेष मुलांचा वर्ग चालवला, आता निवृत्त झाल्या तरी शाळेत डोकावून जात. ढवळे शिकवायला शिकले ते त्यांच्याच हाताखाली. माझा वर्ग शेजारचा, म्हणून हे सगळं मला आयतं पाहायला मिळालं.

ढवळे हुशार माणूस. फक्त ते त्यांना स्वतःलाही माहीत होतं, हीच काय ती अडचण.

त्यांच्या हातात एक फॉर्म होता. तिसरीतल्या सगुणाचा. नऊ वर्षांची पोर, बोलत नाही, अक्षरं-आकडे कळत नाहीत. शेवटच्या रकान्यात ढवळ्यांनी लिहून ठेवलं होतं : प्रतिसाद नाही. दुपारी केंद्रप्रमुख साहेब फॉर्म न्यायला येणार होते. तो गेला की सगुणाचं शाळेत येणं बंद. आठवड्यातून एकदा कुणीतरी घरी जाऊन तिला शिकवणार.

“तिची आई काय म्हणते?” बाईंनी विचारलं.

“काय म्हणणार? वीटभट्टीवर जाते. म्हणाली, सर, पोरगी घरी राहिली तर मला भाईरनं कडी लावून जावं लागंल.”

“आणि तरी लिहिलंस?”

“मग खोटं लिहू?” ढवळे चिडलेच. “आणि वर्गानं काय कमी जीव लावलाय तिला? सगुणाचं नाव घेतलं की अख्खा वर्ग तिच्या वतीनं ‘हजर’ म्हणतो. मी शिकवलंय त्यांना. साहेबांनी भर सभेत कौतुक केलं!”

बाईंनी पदरातली टरफलं झटकली.

“चल. आज हजेरी मी घेते.”

मीही माझ्या पोरांना शुद्धलेखनाला बसवलं आणि तिसरीच्या दारात जाऊन उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, ढवळ्यांची जिरते का ते बघायचं होतं.

बाई नावं घेत गेल्या. हजर, हजर, हजर.

“सगुणा.”

“हजर!” अख्खा वर्ग ओरडला. ढवळ्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

बाईंनी मान वर केली. “तुमची झाली ना रे हजेरी? ही तिची आहे. आता कुणी बोलायचं नाही.”

मग पुन्हा, “सगुणा.”

...

सगुणा भिंतीकडेच्या बस्करावर बसली होती. मान खाली, हात मांडीवर.

...

पोरं चुळबुळायला लागली. कुणीतरी खुदकन हसलं. ढवळे पेनाचं बटण दाबत होते, टक टक, टक टक. माझेही पाय शिवशिवायला लागले. साधं गप्प उभं राहायचं, पण जमेना हो!

“बाई, ती नाही हो...” ढवळे बोललेच.

सगुणाची मूठ उघडत होती. त्यांचा आवाज आला आणि ती मिटली. मी बघितलं. ढवळ्यांनीही बघितलं.

बाईंनी ढवळ्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पुन्हा पहिल्यासारखंच नाव घेतलं.

“सगुणा.”

...

...

तिकडे माझा वर्ग डोक्यावर घेतला होता पोरांनी, तरी मला हलवेना. ढवळ्यांना घाम फुटला. ‘हजर’ हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. म्हणून टाकावा आणि सुटावं एकदाचं!

...

मूठ उघडली. हात मांडीवरून उचलला गेला, मध्येच थांबला, थरथरला आणि फरशीवर पडला.

थप्प.

देवाशपथ सांगतो, मला रडू आलं. पोरांनी टाळ्यांसाठी हात उचलले, तोच बाई कडाडल्या.

“टाळ्या कशाला? तुमच्या हजेरीला वाजवतो का कुणी?”

आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.

बाहेर आल्यावर बाईंनी पेन परत दिलं आणि ढवळ्यांनी ‘प्रतिसाद नाही’वर काट मारली. मग पेन हातात धरून तसेच उभे राहिले.

“काय लिहू, बाई?”

“पाहिलंस ते.”

“एक थाप! साहेब विचारतील, एवढ्यावर काय वर्गात ठेवायचं? मी काय सांगू त्यांना?”

“त्यांना वर्गात बसव. नाव घे. आणि गप्प राहा.”

ढवळ्यांनी लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘हिला याच वर्गात ठेवावे,’ आणि खाली सही केली. फॉर्म खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा वाचला. फाटकापर्यंत गेले, परत आले. मला त्यांची जिरलेली बघायची होती ना, पण आता ते तोंड बघवेना.

बाई चपला घालत होत्या.

“बाई...”

“हं.”

“मी अडीच वर्षं रोज तिचं नाव घेतलं. एक दिवस चुकवला नाही. मग ती एकदाही कशी बोलली नाही?”

बाईंनी दुसरी चप्पल पायात सरकवली.

“बोलली असेल. तू पुढच्या नावावर असशील.”