अंगठ्याखाली झाकलेलं नाव

एका आडगावी दिगंबर नावाचा कारागीर राहत होता. बंद पडलेला रेडिओ असो की शेतातल्या मोटारीचा स्टार्टर, त्याचा हात लागला की चालू व्हायचा. लहानसहान सर्किट बोर्ड तर तो घरीच बनवायचा. रेषांचा नकाशा कागदावर छापायचा, गरम इस्त्री फिरवून तो तांब्याचा थर असलेल्या पट्टीवर उमटवायचा आणि उरलेलं तांबं रसायनात विरघळवून टाकायचा. कोपऱ्यात त्याच तांब्यात स्वतःचं नावही ठेवायचा. नावाची त्याला भारी हौस होती.

शेजारच्या सुगंधाला मुलगी झाली. सुगंधाचे कान मागे एका तापात गेले होते. बाळ रडलं तर आपल्याला कळणार कसं, या काळजीने तिचा डोळा लागेना. दिगंबर म्हणाला, "वहिनी, मी तुम्हाला एक बोर्ड करून देतो. बाळ रडलं की दिवा लागेल." त्याच्या ओठांवरून तिला ते कळलं, आणि बाळंतपणानंतर ती पहिल्यांदा मनापासून हसली.

बोर्ड झाला. तो घरी एकदा लावून बघायला हवा होता. पण बारशाला चार लोक जमतील, तिथेच लावला तर कौतुकही तिथेच होईल, असं त्याने ठरवलं. बारशाच्या दिवशी सुगंधाने हौसेने स्वतःच्या हाताने बॅटरी जोडली. दिवा लागलाच नाही. चिप तापली आणि जळका वास सुटला.

दिगंबरने बोर्ड पालथा करून पाहिला. कोपऱ्यातलं नाव आरशात दिसावं तसं उलटं होतं. इस्त्रीने ठसा घेताना नकाशा उलटतो, म्हणून कागदावर तो आधीच उलटा छापावा लागतो. नेमकं तेच तो विसरला होता. सगळ्या रेषा डावीकडच्या उजवीकडे गेल्या होत्या.

लोक त्याच्याकडे बघत होते. त्याने नावावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "वहिनींनी बॅटरी उलटी जोडली, त्याला मी काय करू?"

सुगंधाने आपल्या हातांकडे पाहिलं. "चुकलं माझं, भावजी," ती म्हणाली.

दिगंबरने दुसरा बोर्ड करून दिला. हा मात्र नीट चालला. "बिचारा! चूक तिची आणि निस्तरतोय हा," असं लोक म्हणाले. त्याला ते ऐकवेना, तरी तो गप्प बसला.

एका दुपारी तो सुगंधाच्या दारावरून चालला होता. आत रडून रडून बाळाचा आवाज घोगरा झाला होता. तो धावत आत गेला. सुगंधा पाळण्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दाबलेलंच नव्हतं. त्याने खूण करताच तिने बाळाला उचललं आणि लाल झालेलं त्याचं तोंड पाहून ती रडू लागली. आवाज ऐकून शेजारच्या बायकाही आल्या.

"साधं बटण दाबायला काय झालं होतं हिला?" एक जण म्हणाली.

सुगंधा म्हणाली, "सासूबाई बाहेर गेल्यात. रोज त्याच दाबतात. माझ्या हाताने पुन्हा जळालं असतं तर?"

दिगंबर शरमेने काळाठिक्कर पडला. आता गप्प राहिलो तर माणूस म्हणवून घ्यायला नको, असं त्याला वाटलं. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि तिला ओठ दिसतील असं सावकाश म्हणाला, "वहिनी, तुम्ही बॅटरी बरोबरच जोडली होती. बोर्ड मी उलटा छापला होता. मी सगळ्यांसमोर खोटं बोललो."

सुगंधाने बाळाला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "बोर्ड तुम्ही दुसरा करून दिलात, भावजी. पण त्या दिवसापासून मी घरातल्या दिव्याचं बटणसुद्धा भीत भीत दाबते."



तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली की त्याचा स्वतःवरचा विश्वास जातो, आणि तो नवी वस्तू देऊन भरून निघत नाही.