खोतांच्या दारातलं तळं

आबासाहेब खोतांचा तोरा त्यांच्या जरीच्या पगडीहून मोठा. नवं घर बांधलं तेव्हा त्यांनी सुनेला फर्मावलं, "दारात फरशी अशी निवड, की येणाऱ्याची मान आपोआप खाली गेली पाहिजे. जमलं नाही, तर माहेरची वाट धर."

वेणूला माहेरचं तळं आठवलं. तिने निळ्या-हिरव्या फरश्या आणवल्या, मधे पांढरी कमळं बसवून घेतली. दिवेलागणीला दारात पाणी हलल्यासारखं वाटे. पाहुणे धोतराचा सोगा उचलून, भान हरपून, खाली बघतच आत येत आणि तसेच परत जात.

झोपाळ्यावर पगडी घालून बसलेले आबासाहेब एकदा भडकलेच. "अगं, माझ्याकडे कुणी ढुंकूनसुद्धा बघत नाही!"

वेणू पदर सावरत म्हणाली, "मामंजी, खाली घातलेल्या मानेला पगडी कशी दिसणार?"