कोल्हिणीच्या बिळातले पथ्य

करवंदीच्या जाळ्यांनी वेढलेल्या एका जंगलात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एक कोल्हीण आपल्या कुटुंबासह राहत असे. कुटुंब म्हणजे नवरा आणि तीन पिल्ले : थोरला, मधली आणि धाकटा. बीळ चांगले ऐसपैस होते. आत चूल होती, पाटा-वरवंटा होता. मुलांनो, कोल्ह्यांच्या बिळात चूल कुठून आली, असे तुम्ही विचाराल. विचारू नका. गोष्टीतले प्राणी बोलतात ते तुम्हाला चालते, मग त्यांनी रांधलेलेही चालवून घ्या.

या घरात मांसावाचून कोणाला घास उतरत नसे. कोल्हा शिकारीत पटाईत होता. दिवस कलला की ससा, तित्तर, कधी एखादी घूस घेऊन तो येई आणि बिळाच्या तोंडाशी ऐटीत बसे. कोल्हीण कांदा-खोबरे खरपूस भाजून वाटण वाटी, तेव्हा त्या वासाने ओढ्यापलीकडची मुंगसे माना वर करीत. रस्सा उकळला की कोल्हा वाटे घाली. काळीज धाकट्याला, मांडी थोरल्याला, मधलीला ती मागेल ते, आणि नळीचे हाड स्वतःला. नुसते वाटून तो थांबत नसे. "हा ससा बघा, तीनदा वळला. मला म्हणतो कसा, कोल्होबा, आज नको, उद्या या!" अशी प्रत्येक तुकड्याबरोबर तो शिकारीची हकिकत सांगे, आणि ती दर वेळी थोडी लांबत जाई. पिल्ले हसता हसता हाडे चोखत. पुढे कितीतरी वर्षांनी कोल्हिणीला ते दिवस आठवत, तेव्हा आधी त्या भाजलेल्या खोबऱ्याचा वास येई आणि मागोमाग नवऱ्याचा आवाज. फार सुखाचे दिवस होते ते, आणि ते तसेच राहतील असे तिला वाटत होते.

एका पावसाळ्याच्या शेवटी कोल्ह्याच्या पोटात दुखू लागले. आधी जेवणानंतर दुखे, मग दिवसभर दुखू लागले. अंग झडले, शेपटीचे केस विरळ झाले. ओढ्याकाठी एक म्हातारी साळिंदर राहत होती. ती झाडपाल्याची औषधे देई आणि सारे रान तिला मावशी म्हणे. तिने कोल्ह्याचे पोट चाचपले, जीभ पाहिली आणि कोल्हिणीला बाजूला घेतले.

"याचं पोट आता मांस पेलायचं नाही, पोरी," ती म्हणाली. "आजपासून तुकडासुद्धा बंद. कंदमुळं, पालेभाजी, फळं, जे द्यायचं ते घरी शिजवून दे. ऐकलंस तर सुधारेल. नाही ऐकलंस तर पुढचा शिमगा काही तो बघत नाही."

कोल्हीण बराच वेळ ओढ्याकाठी बसून राहिली. नवऱ्याला भाजी वाढायची आणि आपण त्याच्यासमोर हाडे फोडायची, हे तिला जमण्यासारखे नव्हते. तिने मनाशी ठरवले आणि घरी येऊन सांगितले, "आजपासून या घरात मांस शिजणार नाही. सगळ्यांनाच पथ्य."

"सगळ्यांना?" थोरला ओरडला. "पोट बाबांचं दुखतंय!"

"सगळ्यांना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने टाकळ्याची भाजी केली. धाकटा तिच्याकडे असा पाहू लागला की जणू कोणीतरी चुकून त्याच्या ताटात रान टाकले आहे. मधलीने वास घेतला आणि म्हणाली, "मला भूक नाही." तिसऱ्या दिवशी कुर्डूची भाजी, चौथ्या दिवशी उकडलेले वाल. भाजीचे काय वाटे घालायचे, म्हणून कोल्हीण ज्याचे त्याला वाढून देऊ लागली, आणि ज्याचा तो आपले ताट घेऊन कोपऱ्यात जाऊन बसू लागला. कोल्हा मुकाट्याने खाई आणि भिंतीकडे तोंड करून पडून राही. घरात हसणे कसले ते उरले नाही. कोल्हिणीलाही मांस आवडत असेच की! पण तिला स्वतःच्या जिभेची फिकीर नव्हती. एकच गोष्ट तिला आतून खात होती. पिल्ले मोठी होतील, आणि लहानपण म्हटले की आईने तोंडचा घास काढून घेतला, एवढेच त्यांना आठवेल.

म्हणून तिने एक युक्ती केली. साळिंदरमावशीकडून एक मोठा सुरण आणला आणि त्याचे मांसासारखे तुकडे केले. कांदा-खोबऱ्याचे पूर्वीसारखे झणझणीत वाटण लावले. इतक्यावर भागले असते तर बरे झाले असते! पण तिने प्रत्येक तुकड्यात करवंदीची एकेक काटकी, साल काढून, हाड म्हणून खोवली. सुरण शिजवताना चिंच घालायलाच हवी, नाहीतर घशाला खाज सुटते, हे मावशीने तिला दोनदा बजावले होते. पण रस्सा आंबट लागला तर सोंग उघडे पडेल, या भीतीने तिने चिंच घातलीच नाही.

वासासरशी पिल्ले धावत आली. कोल्हाही उठून बसला. किती दिवसांनी त्याचे कान उभे राहिले होते. "मांस?" त्याने हळूच विचारले. कोल्हिणीने त्याच्या ताटात सर्वांत मोठे हाड वाढले.

धाकट्याने पहिला घास घेतला आणि कट्‌कन आवाज झाला. "आई! हे हाड नाही, काटकी आहे!" तेवढ्यात मधली घसा खाजवू लागली. मग थोरला, मग धाकटा. तिघेही खोकत, जीभ बाहेर काढून, पाण्यासाठी ओढ्याकडे पळाले. कोल्हिणीच्याही घशाला खाज सुटली होती. पण ती जागची हलली नाही, कारण कोल्हा तिच्याकडे पाहत होता.

"मांस सोड म्हणालीस, सोडलं," तो म्हणाला. "पाला वाढलास, खाल्ला. पण अगं, माझ्यापुढे खोटं हाड ठेवू नकोस. एवढा काही मी भिकेला लागलो नाही."

कोल्हीण पार ओशाळली. त्या दिवशी चुलीपाशी बसून ती खूप रडली.

थोरला पिल्लांमधला सर्वांत आडदांड. बापाचे ते उतरलेले तोंड त्याला पाहवेना. दोन दिवसांनी, कोल्हीण पाणी आणायला गेलेली पाहून, त्याने शेतातला एक लठ्ठ उंदीर पकडून आणला आणि बापाला बिळामागच्या जाळीआड नेले. "बाबा, पटकन खा. आईला सांगू नका." कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिले आणि दोन घासांत उंदीर संपवला.

संध्याकाळ व्हायच्या आत तो जमिनीवर गडबडा लोळू लागला. डोळे पांढरे झाले, तोंडाला फेस आला. साळिंदरमावशी धापा टाकीत आली, तिने कसलासा कडू रस पाजला आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे पोट चोळत बसली. जाताना ती एवढेच म्हणाली, "या खेपेला वाचला. पुन्हा असं झालं तर मला बोलावू नका, माझ्याकडे औषध नाही."

थोरला कोपऱ्यात उभा होता. "मी दिला," तो म्हणाला आणि हमसून रडू लागला. "आई, मला मार. मला वाटलं, बाबा हसतील."

कोल्हिणीने त्याला मारले नाही, जवळ घेतले. कोल्ह्याने डोळे उघडले.

"पोराला बोलू नकोस. खाल्ला मी," तो क्षीण आवाजात म्हणाला. "खरं सांगू? मला वाटलं, मांस तोंडात पडलं की जुने दिवस परत येतील. जाळीआड एकटाच बसून खाल्लं. चवच लागली नाही गं. पोरगा दुसरीकडं तोंड करून उभा, मी चोरासारखा गिळतोय. कुणाला वाटा देणं नाही, कुणाला काही सांगणं नाही. उगीच पोट तेवढं जाळून घेतलं."

कोल्हीण ऐकत राहिली. आपले काय चुकले ते तिला आता कळले. आपण नवऱ्याच्या ताटातले मांस काढून घेतले ते त्याच्या जिवासाठी; पण त्याबरोबर त्याचे काम, त्याची बैठक, त्याच्या हकिकती हे सारे आपण न विचारताच काढून घेतले. मांस परत देता येणार नव्हते. बाकीचे मात्र कोणी मना केलेले नव्हते.

आठवडाभराने कोल्ह्याला चार पावले टाकता येऊ लागली. तेव्हा कोल्हीण त्याला म्हणाली, "अहो, चला. शिकारीला जायचंय."

"कसली शिकार?"

"कोनफळाची."

कोल्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा चिडून बोलला. "कोनफळ पळतं का कधी? कंदाची कसली आलीय शिकार?"

साळिंदरमावशी वाटेवरच उभी होती. "पळत नाही, पण लपतं," ती म्हणाली. "वेल दिसते एका जागी आणि कंद गेलेला असतो दगडाखालून भलतीकडे. माझ्यासारखीचीसुद्धा अर्धी नखं झिजतात. तुझं नाक म्हणे फार तिखट आहे. का नुसत्या बाताच होत्या?"

हे बोलणे कोल्ह्याला झोंबले. तो वेलीपाशी गेला, नाक जमिनीला लावले. एकदा उजवीकडे गेला, एकदा डावीकडे. मग सवयीने त्याने चक्क दबा धरला. पिल्ले तोंडावर पंजे ठेवून हसू दाबत होती. त्याने एका जागी उकरायला सुरुवात केली. दोन दगड निघाले, मुळ्यांचे जाळे निघाले, आणि शेवटी हातभर लांब, जांभळ्या पोटाचे कोनफळ बाहेर आले. साळिंदरमावशीने ते उचलून वजन पाहिले. "बाता नव्हत्या," ती म्हणाली.

घरी कोल्हिणीने तेच कांदा-खोबऱ्याचे वाटण लावले. या खेपेला मात्र तिने वर चार आमसुले टाकली आणि कोनफळाचे कोनफळच राहू दिले. मडके तिने चुलीपाशी ठेवले नाही. उचलून बिळाच्या तोंडाशी, कोल्ह्यापुढे नेऊन ठेवले. "वाटे घाला," ती म्हणाली.

कोल्ह्याने पहिला तुकडा उचलला. "हा धाकट्याला. हा बघ, दोन दगडांच्या मधे दडून बसला होता. मला म्हणाला, कोल्होबा, मी बटाटा आहे, मला सोडा!"

मधली खुदकन हसली. थोरल्याने आपला तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि जरा वेळाने कोणाकडे न पाहता म्हणाला, "अजून एक द्या." त्यावर धाकटा त्याच्याशी भांडू लागला, की मोठा तुकडा याला का? ते भांडण ऐकून कोल्हिणीचा जीव भांड्यात पडला.

कोल्ह्याने तो शिमगा पाहिला. त्यापुढचे आणखी तीन पाहिले. त्या वर्षांत त्याने रानातला एकही कंद सुखाने लपू दिला नाही, आणि हकिकती तर इतक्या वाढल्या की एका कोनफळाशी त्याची म्हणे दोन दिवस झुंज चालली होती. पिल्ले मोठी झाली, आपापली बिळे करून राहू लागली, आणि अर्थातच शिकारही करू लागली. चौथ्या शिमग्यानंतरच्या थंडीत सकाळचे ऊन खात बसल्या बसल्या कोल्हा शांतपणे गेला. पोट दुखून नाही. वय झाले म्हणून.

दिवसकार्य झाल्यावर तिन्ही मुले आईपाशी बसली होती. बीळ फार मोठे वाटत होते. कोल्हीण पदर सावरावा तशी शेपटी आवरून उठली.

"आता या घरात पथ्य कुणाला नाही," ती म्हणाली. "तुमच्या बाबांसाठी मी तुमच्या तोंडचं काढून घेतलं. मला ते रोज लागत होतं रे. थोरल्या, ओढ्यापलीकडे ससे पुष्कळ झालेत. जा, एखादा घेऊन ये. मी वाटण वाटते. आज पोटभर खा."

थोरला उठला नाही.

"आई," तो म्हणाला, "ससा मी माझ्या घरी रोजच खातो. इथं यायला निघालो की वाटेत तोंडाला पाणी सुटतं, ते सशाचं नसतं."

"मग कशाचं?"

"कोनफळाचं," मधली आणि धाकटा एकदमच म्हणाले. मग धाकट्याचा आवाज फुटला. "तेच कर ना आई. आम्ही खणून आणतो."

तिघेही नाके जमिनीला लावून बाहेर पडले. कोल्हीण दारात उभी राहून पाहत होती. इतकी वर्षे उराशी धरलेले ओझे डोळ्यांवाटे वाहून गेले. मग तिने डोळे पुसले आणि चूल पेटवायला ती आत गेली.

तात्पर्य : जिभेची सवय मोडायची तर तिला खोटे हाड दाखवून फसवू नये, जुन्या ताटातली माया नव्या ताटात वाढावी. पोरांच्या जिभेवर शेवटी तीच माया चव होऊन राहते.