लाल दोरा

“मग आता शिकायचं उरलंच काय, आक्का?”

श्रेणिकने हे विचारलं तेव्हा कॅमेऱ्याखालून कापड सरकत होतं आणि दोष आला की लाल दिवा लागत होता. एका ताग्यात त्रेचाळीस वेळा. गोदाक्कांनी काल त्याच ताग्यात दोष काढले होते, तेही त्रेचाळीसच.

गोदाक्का इचलकरंजीच्या त्या कारखान्यात एकतीस वर्षं कापड तपासत होत्या. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूब. दोष दिसला की त्याच ओळीत, कापडाच्या काठाला, लाल दोऱ्याची गाठ. रफूच्या बायका दोरा बघून थांबायच्या.

श्रेणिक इंजिनियर. तीन महिने तो आक्कांच्या शेजारी स्टूल टाकून बसला होता. जिथे दोरा, तिथला फोटो. असे नऊ हजार फोटो दाखवून त्याने कॅमेरा तयार केला होता.

अकरा वाजता मालक बघायला येणार होते. कॅमेरा पास झाला की सोमवारी टेबल निघणार. टेबलाबरोबर आक्का आणि त्यांच्या हाताखालच्या सहा बायकाही.

“बोला ना. चुकला का कुठे?”

“न्हाई बा. शाना हाय.”

“तुमच्याहून?”

“तर! बिनचष्म्याचा बघतोय.”

रफूच्या कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. श्रेणिकही हसला, जरा उशिरा.

आक्का उठल्या. तागा थोडा मागे घेतला. काठावरच्या एका गाठीत नख घालून दोरा सोडवला आणि श्रेणिकच्या हातात दिला.

“आता सोड.”

कापड सरकलं. तुटलेल्या धाग्याची फट कॅमेऱ्याखालून गेली...

दिवा लागला नाही.

आक्कांनी रिळाचा नवा दोरा तोडला. जिथे काहीच नव्हतं, अशा स्वच्छ जागी काठाला बांधला.

“आता?”

दिवा असा भस्सकन लागला की श्रेणिक दचकला.

“हा... हा दोरा बघतोय.”

“तुझ्यावरच गेलाय की रं.”

श्रेणिकने कॅमेरा बंद केला. मग हळूच म्हणाला, “मालकांसमोर का नाही दाखवलंत? त्यांनी इथंच मला हाकललं असतं.”

“तवा तू ऐकलं नसतंस. नुसती मान खाली घातली असतीस.”

श्रेणिकचा फोन वाजला. मालकच होते.

“आज नको, मालक... नाही, कॅमेऱ्याचा दोष नाही. माझंच शिकायचं राहिलंय... किती दिवस ते नाही सांगता येणार. तोवर टेबल हलवू नका.”

त्याने फोन ठेवला. कापड टेबलावर घेऊन त्याने स्टूल ओढलं आणि काचेवर वाकला. मघाची फट इथेच कुठेतरी होती. कापड पांढरं, सगळीकडे सारखंच. त्याने डोळे ताणले. बोट फिरवलं. फट सापडेना.

“आक्का, तुम्हाला दिसतं तरी कसं?”

तीन महिन्यांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं.

 आक्कांनी चष्मा पदराला पुसला, डोळ्यांवर चढवला. मग त्याच्या घट्ट मिटलेल्या मुठीकडे बघितलं.

“आधी त्यो दोरा टाक.”