सोवळ्यातलं सरपण

फार पूर्वी, टेकडीखालच्या एका गावात एक सासू राहत होती. मोठी व्रताची बाई. तिनं सोमवार कधी सोडला नाही, चतुर्थी कधी चुकवली नाही. तिच्या सुनेला माहेर नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच होतं. त्यात सून अडली. सासूनं देवीपुढे पदर पसरला नि नवस बोलली, “आई, दोन्ही जीव सुखरूप सुटू देत. बाळ सव्वा महिन्याचं झालं की तुला पुरणावरणाचा नैवेद्य करीन, तोही सोवळ्यातल्या पळसाच्या लाकडावर. दुसरी काडी चुलीत घालणार नाही.”

देवी पावली. सून सुटली, गुटगुटीत मुलगा झाला.

बघता बघता सव्वा महिना भरला. सासू पहाटेच कोयती घेऊन माळावर गेली. पळसाखाली वाळक्या फांद्या पडल्या होत्या. पण त्या माणसांच्या, गुरांच्या पायाखालच्या. देवीला कशा चालतील? तिनं झाडावरची ओली फांदी तोडली. घरी आणून दोन पाण्यांनी धुतली, हळदकुंकू लावलं आणि चुलीत सारली.

आता धुतलेलं ओलं लाकूड पेटणार कसं? सासूनं फुंकणी घेतली, फुंकून फुंकून गाल दुखले. लाकडाच्या टोकांना फेस आला, पण जाळ काही धरेना. डाळ तशीच टणक, आणि घरभर धूर.

शेजारीण कुडावरून डोकावली. “वहिनी, देवीला जेवू घालताय की डास हाकलताय?”

“थट्टा नको गं. नवसाचा स्वयंपाक आहे.”

“मग माझी बाभूळ न्या की. उन्हात खडखडीत वाळलीये. काडी लावायचा अवकाश, असा जाळ धरील!”

“बाभूळ? काटेरी मेली! तिच्यावर का देवीचं पुरण शिजवू?”

“काटे सगळे झडलेत, वहिनी. माझ्या जिभेवरचे तेवढे उरलेत,” असं म्हणत शेजारीण हसत घरात गेली.

सासू पुन्हा फुंकायला बसली. आत बाळ खोकलं. थोड्या वेळानं पुन्हा खोकलं. मग आवाजच थांबला. सासूला वाटलं, झोपलं असेल. पण तिला राहवेना. उठून पाहते तर पाळणा रिकामा, बाजही रिकामी!

ती धावत अंगणात आली. माघाचा गारठा पडला होता. गोठ्यात, गाईच्या अंगाला टेकून सून बसली होती. बाळाला गोधडीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. दोघांचे डोळे लालभडक.

“अगं, इथं का गं बसलीस?”

“आत्याबाई, बाळाला धूर सोसेना. तुमचा नवस मोडायला नको, म्हणून काही बोलले नाही. होऊ दे तुमचा स्वयंपाक. बसू आम्ही इथंच.”

सासूच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते धुराचं नव्हतं. ज्या दोन जिवांसाठी नवस बोलले, त्यांनाच आज त्या नवसापायी थंडीत बसवलं! ती तडक कुडापाशी गेली. “अगं ए, दे बाई तुझी बाभूळ.”

शेजारणीनं हसून मोळी दिली. जिभेवरचा एकही काटा बाहेर काढला नाही.

चूल रसरसून पेटली. डाळ शिजली, पुरण शिजलं, पोळ्या टम्म फुगल्या. धूर निवळला, तशी सून बाळाला घेऊन घरात आली. ओला पळस सासूनं वाळायला माळ्यावर टाकला.

नैवेद्य घेऊन ती देवळात गेली, देवीपुढे ठेवला नि पुन्हा पदर पसरला. “आई, बोलले तसं फेडलं नाही. रागावायचं तर माझ्यावर रागाव, लेकरांवर नको.”

घरी परतली. भीत भीत पाळण्यात वाकली. बाळानं तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि बोळकं पसरून हसलं. जन्मल्यापासून पहिल्यांदाच हसलं! सासूनं तिथूनच देवळाच्या दिशेनं हात जोडले. याहून वेगळा कौल तो कोणता?

देवी त्या घराला पावली, तशी तुम्हा-आम्हाला पावो.

तात्पर्य: घरच्या माणसांचे डोळे चुरचुरतील असा नैवेद्य देवाला गोड लागत नाही. म्हणून बायांनो, तुम्हीही चुलीत वाळलेलंच लाकूड घाला, आणि नवस बोलताना घरातल्या लहानग्या जिवाची आठवण ठेवा.