रंगारीण आणि नीरस राज्य

एका राज्यात धैर्यकेतू नावाचा राजा होता. एके दिवशी दरबारात एक अनोळखी जादूगार आला आणि वीणेवर गाऊ लागला. दुसरे कडवे सरले नाही तोच राजाने जांभई दिली. "नीरस!" तो म्हणाला. दरबार खदखदून हसला.

जादूगाराने वीणा आवरली. "राजा, हा एकच शब्द तुझ्या राज्याला पुरो," म्हणत तो काळ्या पहाडाकडे निघून गेला.

तत्क्षणी आकाश राखेसारखे झाले. तलवारी कापीनात, घंटा घुमेनात, आमटीत मीठ लागेना. काहीही विचारा, लोक म्हणत, "नीरस." दुसरा शब्दच आठवेना. सात वर्षांच्या राजकन्येने, हेमलेखेने, अन्न सोडले.

सुरंगा रंगारीण तेवढी शब्द विसरली नाही. फिका, विटका, मळका, हे फरक तीस वर्षे तिच्या बोटांत मुरले होते. ती राजापुढे उभी राहिली. "महाराज, मी त्या जादूगाराकडे जाते."

काळ्या पहाडाच्या पायथ्याशी धनेश पक्षी बोलला, "बाई, माघारी फिर. इथे सात वीर दगड झाले."

"वाट दाखव," सुरंगा म्हणाली. धनेश पुढे उडाला.

गुहेत जादूगार बसला होता. त्याने तलवार पुढे केली. "हिला काय झाले?"

सुरंगाने धारेवर अंगठा फिरवला. "बोथट झाली." नेमका शब्द मिळताच पाते लखकन चमकले.

त्याने घंटा वाजवली. "हिला?"

"बद्द वाजते." घंटेचा नाद पहाडभर घुमला.

मग जादूगाराने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "आणि ह्याला? चुकलीस तर दगड होशील."

सुरंगाने त्याच्या मंद डोळ्यांकडे बराच वेळ पाहिले. मठ्ठ? उदास? जिभेवर आलेले दोन्ही शब्द तिने गिळले.

"तू दुखावला आहेस," ती म्हणाली. "बैस. गाणे पुरे कर. मी ऐकते."

तो गायला. शेवटच्या कडव्याला सुरंगाचे डोळे भरून आले.

"मधले कडवे लांबले," ती म्हणाली. "शेवटचे मात्र काळजाला भिडले."

जादूगार हसला, आणि शाप तुटला. सात दगड उठून उभे राहिले. आकाश निळे झाले. हेमलेखेने दूधभात मागितला, वर लोणचेही मागितले.

धैर्यकेतू अनवाणी पहाड चढून आला. "कलावंता, मी चुकलो. तुझे नाव तरी सांग."

"आजवर कुणी विचारले नव्हते," जादूगार म्हणाला. "माझे नाव स्वरानंद."

मग राजा त्याच्याच बाजूला, खडकावर, ऐकायला बसला.