पोरीचा उतार

डोंगरावरून पाणी आलंच, तर आधी काय उचलायचं? ऋजुताला रात्रभर झोप नव्हती ती एवढ्यासाठी. सगळ्यात आधी तिला फोनचा चार्जर आठवला होता, मग जुई. पोटच्या पोरीचा नंबर दुसरा लागला, ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नाही. त्याची बदली हिमाचलात, लाहौलमधल्या तोंगरिल गावी, रस्त्याच्या कामावर झालेली. साताऱ्याहून मायलेकी इथं येऊन महिनाही झाला नव्हता.

सकाळी ती चार वर्षांच्या जुईला घेऊन घरमालकाच्या शेतावर गेली. पलदन म्हाताऱ्याला सारं गाव मेमे म्हणे. मेमे म्हणजे आजोबा. मेमे बर्फावर राख उधळत होते. इथला उन्हाळा आखूड. बर्फ आपणहून वितळायची वाट पाहिली, तर पेरणीच हुकते. म्हणून चुलीतली राख हिवाळाभर साठवायची नि चैत्राच्या तोंडाला शेतावर टाकायची. काळ्यावर ऊन तापतं, खालचा बर्फ लवकर सुटतो. सगळी शेतं काळवंडली होती. गावावरचा एक उतार तेवढा पांढराफेक.

"तिथं का नाही टाकत?" ऋजुतानं विचारलं.

"तो पोरीचा उतार आहे, बेटी," मेमे म्हणाले, आणि पाटी खाली ठेवली.

असं सांगतात, की एका वर्षी हिवाळा हटेना. घराघरातलं धान्य संपलं, उरलं ते बियाण्याचे जव. गाव म्हणालं, वरच्या उतारावरही राख टाकू, पाणी लवकर येईल. टाकली. वर ऊन असं कडक पडलं, की अख्खा उतार एकदम सुटला. चिखल, दगड, पाणी, सगळं एका दमात खाली.

गावाचं बियाणं देचिन नावाच्या बाईकडे असे. तिचं घर सगळ्यात उंच, कोरडं. घरात ती नि तिची लहान मुलगी, बाकीचे खाली शेतात. जवाचं पोतं पाठीवर घेतलं, तर पोर घेता येईना. तिनं मुलीला घराच्या सपाट छतावर बसवलं. म्हणाली, "हलू नकोस. मी आलेच."

पोतं बाजूच्या खडकावर टाकून ती वळली. घर होतं तिथं पाणी होतं.

"पोर शहाणी होती म्हणे," मेमे म्हणाले. "हलली नाही."

त्या गाळातच गावानं जव पेरले. देचिननंही पेरले. पीक आलं, सगळ्यांनी खाल्लं, तिनंही खाल्लं. तिनं गावाकडे मागितलं ते एवढंच: त्या उताराला पुन्हा राख लावू नका.

"रडली नाही ती?" ऋजुतानं विचारलं.

"पेरणी होती," मेमे म्हणाले.

आजही त्या उतारावर कुणी चिमूटभर राख टाकत नाही. तिथला बर्फ आपल्या चालीनं उतरतो, म्हणून त्याच्या पायथ्याची शेतं सगळ्यांच्या मागून पेरली जातात. तिथला वाटाणा बाजाराला पोचतो, तोवर भाव पडलेला असतो. त्यांतलं एक शेत मेमेंचंच. सून दरवर्षी ऐकवते, "मेलेल्या पोरीचे लाड पुरे झाले, जित्यांचं बघा." मेमे हसतात, नि हद्दीच्या दगडापाशी हात आवरतात.

ऋजुतानं जुईचा हात घट्ट धरला.

"मी हलले असते," जुई म्हणाली. "मी तुझं ऐकते का कधी?"